धागा : ‘हम पांच’मधील तसबिरीतल्या प्रिया तेंडुलकर

घंटाळीकर

नमस्कार मंडळी. जुन्या विनोदी मालिकांचा विषय निघाला की आपण मुख्य कलाकारांविषयी भरभरून बोलतो आणि ज्यांच्यामुळे त्या मुख्य कलाकारांचा विनोद उभा राहिला, त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत गप्पा संपलेल्या असतात. म्हणून हा धागा मुद्दाम एकाच अभिनेत्रीसाठी आणि तिच्या एकाच भूमिकेसाठी काढत आहे.

‘हम पांच’ ही मालिका १९९५ साली झी वाहिनीवर सुरू झाली. अशोक सराफ यांचा आनंद माथुर, शोमा आनंद यांची बीना आणि पाच मुली, हे घर आपल्या पिढीला तोंडपाठ आहे. त्या घराच्या भिंतीवर आनंदच्या दिवंगत पहिल्या पत्नीची तसबीर होती आणि त्या तसबिरीतून प्रिया तेंडुलकर बोलत असत. घरात काही बिनसले, मुलींनी नवा घोळ घातला किंवा खिशाला कात्री लागली की आनंद तसबिरीपुढे उभा राहून गाऱ्हाणे मांडायचा आणि ती त्याची समजूत घालण्याऐवजी त्याची यथेच्छ फिरकी घ्यायची.

माझे मत असे की ती तसबीर नसती, तर आनंद माथुर हा केवळ मुलींनी जेरीस आणलेला बाप उरला असता. प्रियाताईंनी त्याला बरोबरीचे माणूस दिले. ज्या अभिनेत्रीला चालणे नाही, बसणे नाही, हाताने काही करणे नाही, तिने केवळ चेहरा आणि आवाज यांवर ही भूमिका इतकी ठसठशीत केली, की आजही मालिकेचे नाव काढताच पाच मुलींच्या बरोबरीने ती तसबीर आठवते. तुमच्या मते हे श्रेय कोणाचे? कल्पनेचे, लेखनाचे की त्यांचे?

वाशी_सेक्टर_नऊ

फार चांगला विषय काढलात. आमच्या वाशीत १९९२ हे वर्ष दोन गोष्टींसाठी लक्षात आहे. त्या वर्षी मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल आली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये झी वाहिनी सुरू झाली. ‘हम पांच’ येईपर्यंत आमच्या सिडकोच्या इमारतीत केबलची काळी तार गच्चीवरून लोंबत प्रत्येक खिडकीतून आत शिरली होती. वडील बातम्यांखेरीज काही पाहत नसत, पण अशोक सराफ हिंदीत काय करतात या कुतूहलाने ते या मालिकेला बसले आणि प्रिया तेंडुलकरांना पाहून त्यांना दूरदर्शनवरच्या ‘रजनी’ मालिकेतली त्यांची नायिका आठवली. म्हणाले, “अरे, ही तर आपली रजनी!”

मला वाटते, आपल्याकडच्या प्रेक्षकांना त्या दोघांच्या प्रसंगांत एक जास्तीची गंमत मिळत होती. माथुरांच्या त्या हिंदी घरात आपली ही दोन मराठी माणसे समोरासमोर यायची आणि बोलण्याची लय आमच्या ओळखीची असायची.

चेंदणी

माथुरांच्या शेजारच्या पूजा आंटीला विसरू नका! अरुणा संगल यांचे ते “आंटी मत कहो ना” आमच्या शाळेत रोज ऐकू यायचे.

खारकर_आळी

माझे मत वेगळे आहे आणि ते प्रिया तेंडुलकर यांच्याविषयीच्या आदरापोटीच मांडत आहे. १९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींच्या ‘रजनी’त या बाईंनी जे केले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना भिंतीवरच्या चौकटीत त्यांना पाहताना थोडे वाईटच वाटले असणार. गॅस सिलिंडरच्या भागाची चर्चा आमच्या आळीत कितीतरी दिवस चालली होती. नंबर लावून ताटकळणाऱ्या घरांना ती बाई आपल्या वतीने भांडते आहे असे वाटत होते. कुठे कोणी अरेरावी केली की “रजनीला बोलवा” असे लोक सहज म्हणत. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्ये, म्हणजे १९७४ साली, अनंत नाग यांच्या पत्नीची भूमिका त्यांनी केली होती. मराठीत त्या कथा लिहीत होत्या, पुढे चर्चेचे कार्यक्रमही त्यांनी गाजवले. एवढ्या ताकदीच्या बाईला दशकभरात आपण घरोघर फिरून न्याय मिळवून देणाऱ्या भूमिकेतून काढून चौकटीत अडकवले, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. तसबिरीची कल्पना चतुर होती हे मान्य. परंतु ती कोणीही बरी अभिनेत्री निभावून नेऊ शकली असती.

घंटाळीकर

खारकर_आळी, तुमचा मुद्दा मनापासून पटण्यासारखा आहे, फक्त शेवटचे वाक्य सोडून. ‘रजनी’मुळेच ही तसबीर बोलू लागली, असे मी म्हणेन. प्रेक्षकांच्या मनात या बाईंची प्रतिमा अशी होती की ही गप्प बसणार नाही, समोरच्याला उत्तर दिल्याखेरीज सोडणार नाही. ती बाई जग सोडून गेल्यावरही गप्प बसत नाही, यातला विनोद पाहणाऱ्याला समजावून सांगावा लागला नाही. दुसरी कोणी असती तर पहिले काही भाग ती कोण आणि कशी हे सांगण्यातच गेले असते. इथे तिने तोंड उघडण्याआधीच आपल्याला ती माहीत होती.

कोपरीची_सून

मी लग्न होऊन कोपरीत आले तेव्हा ही मालिका ऐन भरात होती. आमच्या बाहेरच्या खोलीत आजेसासऱ्यांचा फोटो होता, त्याला चंदनाच्या सालींचा हार आणि खाली लहानसा लाल दिवा. दसऱ्याला आणि त्यांच्या तिथीला तो फोटो खाली उतरवून काच पुसायची, हार झटकायचा आणि पुन्हा खिळ्याला अडकवायचा, हे काम आजेसासूबाई स्वतः करत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. फोटोपुढे त्या नेहमी हात जोडून मुकाट्याने उभ्या राहायच्या.

‘हम पांच’ पाहू लागल्यानंतर काही महिन्यांत मी पाहिले, की त्या फोटोशी मोठ्याने बोलू लागल्या आहेत. “ऐकलंत का, तुमच्या लेकाने आज पुन्हा छत्री हरवली,” असे. पहिल्यांदा आम्ही चपापलो, मग घरात सर्वांना त्याची सवय झाली. एकदा सासूबाईंनी न राहवून विचारले, “ते काही उत्तर देतात का?” तर म्हणाल्या, “हयात असताना तरी कुठे देत होते!”

मी हे हसवण्यासाठी सांगत नाही. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे उदबत्ती लावायची रीत आहे, त्याच्याशी भांडायची नाही. प्रियाताईंनी त्या फोटोतल्या बाईला राग, हेवा, चेष्टा, लाड सगळे परत दिले. माझ्या आजेसासूबाईंना त्यात काहीतरी सापडले होते. म्हणून माझ्यासाठी श्रेय त्यांचेच.

नेरुळवासी

कोपरीची_सून, तुमच्या आजेसासूबाईंना नमस्कार. धाग्यावर याहून वेगळे काही आले नाही तरी चालेल.

ऐरोलीकर

एक वेगळी बाजूही नोंदवावीशी वाटते. ही सगळी गंमत पाहताना बीनाकडे कोणाचे लक्ष जाते का? ती दुसरी पत्नी. घरात दोघींच्या मिळून पाच मुली, त्यांतल्या मीनाक्षी, राधिका आणि स्वीटी पहिलीच्या, काजल आणि छोटी हिच्या. सर्वांचे करायचे तिने आणि नवरा मन मोकळे करायला जाणार तसबिरीपुढे. आज कोणी नव्याने ही मालिका पाहिली, तर त्याला हा विनोद पहिली विरुद्ध दुसरी अशा जुन्याच वळणाचा वाटू शकेल. त्या काळात आमच्या घरीही आईला हे प्रसंग तितकेसे रुचत नसत. “बिचारी ती बीना,” एवढेच ती म्हणायची आणि उठून आत जायची.

पाचपाखाडी

ऐरोलीकर, तुमच्या मातोश्रींचे म्हणणे रास्त आहे. मात्र शोमा आनंद यांनी बीनाला बिचारी राहू दिले नाही, हेही पाहायला हवे. त्या आवाज चढवून, डोळे वटारून, मध्येच लाडात येऊन घर आपल्या ताब्यात ठेवत. दोन्ही बाजू तितक्याच तोडीच्या असल्यामुळे आनंदची कोंडी खरी वाटायची. एक जिवंत आणि एक दिवंगत, आणि त्याची सुटका दोघींकडूनही नाही. शिवाय विद्या बालन यांनी सुरुवातीपासून राधिका केली होती आणि त्यांचाही त्या घरात मोठा वाटा होता, हे नव्या पिढीला सांगितले की खरे वाटत नाही.

तलावपाळी

सुरुवातीपासून नव्हे. सुरुवातीला राधिका अमिता नांगिया यांनी केली. चष्मा, कमी ऐकू येणे, पुस्तकातून डोके वर न काढणे हे सर्व त्यांनी बसवले आणि पुढे ती भूमिका विद्या बालन यांच्याकडे आली. मीनाक्षी म्हणजे वंदना पाठक, काजलभाई म्हणजे भैरवी रायचुरा. आमच्या सोसायटीत क्रिकेट खेळणाऱ्या एका मुलीला सगळे काजलभाईच म्हणत आणि तिला ते मनापासून आवडत असे.

नेरुळवासी

सहायक अभिनेत्रींचा विषय आहेच, तर धागाकर्तीच्या परवानगीने शुभा खोटे यांचे नाव घेतो. ‘जबान संभालके’ या मालिकेत पंकज कपूर यांच्या हिंदीच्या वर्गात सगळे विद्यार्थी भाषेची वाट लावत असताना संस्थेच्या प्रमुख दीक्षितबाई होऊन त्या आत यायच्या आणि वर्गाचा नूरच पालटायचा. गोंधळ घालणारे दहा जण असले, की एकाने ताठ उभे राहावे लागते. ते काम त्या करत. तरुणपणी पोहण्यात आणि सायकलच्या शर्यतीत नाव कमावलेली ही बाई १९५५ च्या ‘सीमा’ या चित्रपटातून पडद्यावर आली आणि दूरचित्रवाणीचा काळ आला तेव्हाही तितकीच ताजी होती. त्याच सुमारास त्यांची कन्या भावना बलसावर ‘देख भाई देख’मध्ये दिवाण कुटुंबाची सून म्हणून हसवत होती. एकाच घरातल्या दोघी जणी एकाच काळात दोन गाजलेल्या विनोदी मालिकांत, याची दखल म्हणावी तशी घेतली गेली नाही.

चेंदणी

मग ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधल्या शुभांगी गोखलेही आल्या पाहिजेत. दिलीप प्रभावळकरांचे आबा सर्वांना आठवतात. ते आबा जिच्या स्वयंपाकघराच्या दारातून घराकडे पाहत, ती श्यामल मात्र गृहीत धरली जाते. तिचे ते बोलता बोलता चिडणे आणि चिडता चिडता हसू येणे! आमच्या घरी अल्फा मराठीवर टिपरे लागले की माझी आई स्वतःलाच पडद्यावर पाहत असल्यासारखी मान डोलवायची.

तलावपाळी

श्यामल टिपरेला जोरदार अनुमोदन. पण शुभाताई आणि शुभांगीताई या दोघींसाठी स्वतंत्र धागे हवेत. इथे दोन ओळींत त्यांची बोळवण होऊ नये.

नेपथ्य

मूळ प्रश्नाकडे परत यावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी हौशी रंगभूमीवर काम करतो आणि खारकर_आळी यांच्या “कोणीही बरी अभिनेत्री निभावून नेऊ शकली असती” या वाक्याला प्रत्यक्ष अनुभवातून उत्तर देता येईल असे वाटते.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात एका वर्षी आम्ही बोलणाऱ्या तसबिरीचा प्रवेश बसवला. जांभळी नाक्यावरून मोठी लाकडी चौकट आणली, काच काढून टाकली, मागे काळा पडदा लावला आणि चौकटीमागे आमच्या गटातील सर्वांत अनुभवी अभिनेत्रीला उभे केले. पहिल्या तालमीतच कळले की हे काम भलतेच कठीण आहे. तिचे हात आपोआप वर येत आणि चौकटीच्या खालच्या कडेवर बोटे दिसत. हात मागे बांधायला लावले, तर खांदे हलू लागले. खांदे आवरले, तर आवाज सपाट झाला, कारण आपण बोलताना वाक्याचा जोर अर्धाअधिक शरीराने देत असतो हे आम्हाला तोवर उमगले नव्हते. त्यात आणखी एक पेच होता. समोरचा नट व्यासपीठभर फिरत बोलत होता, पण तिला मान वळवून त्याच्यामागे जाता येत नव्हते, नाहीतर तसबीर ही तसबीर राहत नव्हती. शेवटी आम्ही त्या नटालाच एका जागी उभे केले आणि प्रवेशातला जीव गेला.

त्यानंतर मी ‘हम पांच’चे जुने भाग पुन्हा पाहिले, ते केवळ प्रियाताईंना पाहण्यासाठी. त्या दोन गोष्टी करतात. एक म्हणजे अशोक सराफ जितके हलतील तितक्या त्या स्थिर राहतात. तो माणूस हातवारे करतो, कपाळाला हात लावतो, येरझाऱ्या घालतो, आणि या मात्र जागच्या जागी, निवांत. त्यामुळे त्याची धांदल दुप्पट दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे त्या उत्तराची घाई करत नाहीत. त्याचे गाऱ्हाणे पुरते संपू देतात, क्षणभर नुसते पाहतात, ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊ लागलेले दिसते आणि मग टोला बसतो. शब्द नेहमीचे असतात, हशा त्या आधीच्या क्षणाला मिळतो. सराफांसारखा वेळेचा पक्का नट समोर असताना त्याला थांबवून ठेवणे आणि तरी त्याच्या वाटचे काही न घेणे, यासाठी लागणारी जाण सर्वांपाशी नसते.

एक माहितीही जोडतो. प्रिया तेंडुलकर यांनी अगदी तरुण वयात ‘हयवदन’ या नाटकात बाहुलीचे काम केले होते. गिरीश कर्नाड यांच्या त्या नाटकात बाहुल्या बोलतात, घरातल्या माणसांवर शेरे मारतात आणि त्यांना जे कळते ते माणसांना कळत नाही. निर्जीव वस्तूच्या तोंडून घराची झाडाझडती घेण्याचा हा वस्तुपाठ त्यांना रंगभूमीवर फार लवकर मिळाला होता.

खारकर_आळी

नेपथ्य, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. बाहुलीची गोष्ट तर माझ्या पार लक्षाबाहेर होती. कामाची अवघडता मला पटली. माझी हळहळ मात्र तशीच आहे, कारण तिचा रोख त्यांच्या कामावर नाही. १९९० नंतर खासगी वाहिन्या आल्या, तेव्हा चाळिशीच्या अभिनेत्रीसाठी ‘रजनी’सारखी दुसरी मध्यवर्ती भूमिका कोणी लिहिली नाही. त्यांनी मिळालेल्या चौकटीचे सोने केले, हा त्यांचा मोठेपणा. आणखी मोठी जागा त्यांना द्यायला हवी होती, हे आपण प्रेक्षकांनीही बोलून दाखवले पाहिजे.

घंटाळीकर

यावर मात्र माझे आणि तुमचे पूर्ण एकमत आहे.

वाशी_सेक्टर_नऊ

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होतो. १९ सप्टेंबर २००२ रोजी प्रिया तेंडुलकर गेल्या, तेव्हा त्या पन्नाशीच्याही झाल्या नव्हत्या. त्यानंतर ते भाग मला पूर्वीसारखे पाहवत नाहीत. पूर्वी ती तसबीर म्हणजे केवळ युक्ती होती. आता ती बोलू लागली की हसण्याआधी घशात काहीतरी अडकते. वडिलांनी तर ती मालिका पुन्हा लावूच दिली नाही.

कोपरीची_सून

वाशी_सेक्टर_नऊ, तुमची भावना समजते, पण माझे उलट आहे. मी ते भाग मुद्दाम लावते. दुःखी चेहऱ्याने पाहावे असे त्या भूमिकेत काहीच नाही. ती बाई गेल्याचे रडगाणे एकदाही गात नाही, उलट घरात काय चालले आहे यावर तिची बारीक नजर असते आणि नवऱ्याची चूक दिसली की ती मनमुराद आनंदाने ती पकडते. इतक्या तल्लख बाईपुढे आपण डोळे पुसत बसलो, तर पहिला टोमणा आपल्यालाच मिळेल. माझ्या मुलीने मागच्या सुट्टीत पहिल्यांदा ‘हम पांच’ पाहिली, तिला प्रिया तेंडुलकर कोण हे ठाऊक नव्हते आणि ती पोट धरून हसली.

ऐरोलीकर

मुलीला आता ‘रजनी’ दाखवा. आणि नंतर त्यांच्या कथा वाचायला द्या. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ हा त्यांचा कथासंग्रह वाचनालयात मिळण्यासारखा आहे. पडद्यावर कोणाच्याही मनातले ओळखणारी ती नजर कागदावर काय करत होती, ते तिथे दिसेल.

कोपरीची_सून

शनिवारी वाचनालयात जाणारच आहे. मिळाला तर इथे कळवते. नेपथ्य, तुमच्या तसबिरीच्या प्रवेशाचे चित्रीकरण कोणाकडे असेल, तर तेही पाहायला आवडेल.

नेपथ्य

चित्रीकरण नाही. ती चौकट मात्र सोसायटीच्या कार्यालयात अजून आहे. यंदाच्या गणेशोत्सवात तो प्रवेश नव्याने बसवायचे ठरवत आहोत, आणि या वेळी फिरणाऱ्या नटाला फिरू द्यायचे आहे. कोपरीतून कोणी चौकटीमागे उभे राहायला तयार असेल, तर जरूर कळवावे.